दुसऱ्याच्या पोरानं जपायची कला

मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरचं एखादं रील कधी ना कधी तुमच्याही फोनवर आलं असेल. लाकडाच्या भुशात मांडी घालून बसलेला वयस्कर कारागीर, समोर अर्धवट झालेला तानपुरा, मागे संथ आलाप, आणि स्क्रीनवर अक्षरं येतात की ही कला आता शेवटच्या घटका मोजतेय. खाली कॉमेंट्समध्ये हात जोडलेल्या इमोजींची रांग. 'ही कला जपली पाहिजे.' 'पुढच्या पिढीनं हे शिकून घ्यायला हवं.'

या कॉमेंटमधली 'पुढची पिढी' म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतोय. लिहिणारा स्वतःबद्दल बोलत नसतो. स्वतःच्या लेकीबद्दलही नाही, ती बहुतेक जेईईच्या क्लासला बसलेली असते. मग उरला कोण? त्या कारागिराचा नातू. म्हणजे वाक्य पूर्ण लिहायचं तर असं होईल: ही कला त्याच्या नातवानं जपावी, आणि मी ती अधूनमधून ऐकत राहीन.

एखादी कला टिकावी असं वाटणं चांगलंच आहे. पण त्यासाठी दुसऱ्याच्या पोरानं आपलं आयुष्य तिला द्यावं, असं म्हणायचा हक्क आपल्याला कुठून मिळाला?

मी जोतिबाच्या डोंगरावरचा. गावाचं खरं नाव वाडी रत्नागिरी, पण बाहेरच्या माणसाला ते सांगितलं की तो थेट कोकणात पोचतो, म्हणून आम्ही सगळे नुसतं 'जोतिबा' सांगतो. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. देवळाकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं दुकान आहे. गुलाल, नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, चैत्रात दवणा. आबांनी सुरू केलं, पप्पा चालवतात. मी हिंजवडीत एका कंपनीत पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आणि चैत्र यात्रेला रजा टाकून गल्ल्यावर बसतो.

मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी पेढे मागितले. दुकानाचं पुढे काय, असं कुणी विचारलं नाही. दुकानदाराच्या पोरानं दुकान सोडलं की घर वर आलं म्हणतात. सतार करणाऱ्याच्या पोरानं सतार सोडली की संस्कृती बुडाली म्हणतात. दोघांनी केलेली गोष्ट तीच. फरक एवढाच, की दुसऱ्याच्या हातातलं जे आहे ते आपल्याला ऐकायला आवडतं.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं माझ्या चुलत बहिणीचं. ती कोल्हापुरात गाणं शिकते. गेल्या दिवाळीत तिचा तानपुरा मिरजेला न्यायचा होता आणि घरात गाडी माझी होती. कोल्हापूर ते मिरज पन्नासेक किलोमीटर. मी विचारलं, "झालंय काय त्याला? नीट तर दिसतोय."

"दादा, जवारी गेलीय त्याची."

मला वाटलं काहीतरी पार्ट पडलाय.

जवारी हा पार्ट नसतो. तानपुऱ्याच्या तारा भोपळ्याच्या बाजूला ज्या रुंद पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. व्हायोलिनलाही घोडी असते, पण ती वरून निमुळती, तार तिच्या कडेवर एका ठिकाणी टेकते आणि संपलं. तानपुऱ्याची घोडी चांगली रुंद, वरून जवळजवळ सपाट. या 'जवळजवळ'मध्ये सगळी गंमत आहे. तिला एका बाजूला इतका बारीक उतार दिलेला असतो की डोळ्याला दिसत नाही. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत, सुटत राहते, आणि एकाच स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उमलत येतात. तानपुऱ्याचा तो जो गुंजणारा, भरून राहणारा आवाज आहे, तो तिथून येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती दोरा सरकवलेला असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो. तारांच्या घासण्यानं हळूहळू घोडीवर चरे पडतात, उतार बिघडतो आणि आवाज बसतो. मग ती पुन्हा घासून घ्यावी लागते. वाजतं वाद्य असेल तर हे आयुष्यभर चालतं.

कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला होता. तारवाद्यांचा एक जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. रामन यांनी दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे स्वर यायला नकोत, तेही जोरकस येतात, आणि त्याचं कारण ही घोडी. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मला हे वाचून भारी वाटलं, कारण नियम कसा मोडला जातो हे रामन यांनी मांडायच्या कितीतरी आधीपासून भुशात बसलेली माणसं तो रोज कानसेनं मोडत होती.

आम्ही गेलो त्या दुकानातले चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधी बहिणीला विचारलं, "बेटा, पट्टी कुठली तुझी?" ती म्हणाली, काळी चार. मग तिला जरा सा लावायला सांगितला, ऐकला, आणि कामाला लागले. तार सैल करायची, घोडीवरून कानस चार वेळा फिरवायची, फुंकर मारायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा सैल करायची. चार तारांना दीड तास गेला. मी इंजिनिअर, मला राहवेना. विचारलं की हा उतार साधारण किती अंशांचा ठेवता. ते हसले. त्यांच्याकडे आकडा नव्हता. प्रत्येक गळ्याला वेगळी जवारी लागते, कुणाला खुली आवडते, कुणाला बंद, आणि तिसऱ्या तारेची जवारी पहिलीशी जुळली पाहिजे. हे सगळं ते कानानं ठरवत होते. मोजून ठरवत नव्हते.

आयटीत नोकरी सोडताना नोटीस पिरियडमध्ये 'केटी' द्यावी लागते. नॉलेज ट्रान्सफर. दोन-तीन आठवडे मीटिंगा, एक वर्ड फाइल, काही रेकॉर्डिंग, आणि तुमच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात गेलं असं सगळे मिळून मान्य करतात. खरं तर जात नाही, पण पगार सुरू राहतात. आणखी एक शब्द आहे, 'बस फॅक्टर'. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. चाचांच्या दुकानात बसून मी हाच हिशेब करत होतो. जवारीची केटी काय द्याल? दहा वर्षं शेजारी बसून ऐकणं, एवढीच. आणि दहा वर्षं शेजारी कोण बसणार? ज्याला तिथे बसण्यावाचून पर्याय नाही, किंवा ज्याचं घरच तिथे आहे. म्हणून तर या कला बापाकडून मुलाकडे जातात. दहा वर्षांची बिनपगारी उमेदवारी दुसऱ्या कुणाला परवडत नाही.

आता मिरजेचा इतिहास. इथे सतार आणि तानपुरे करायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, आणि पहिलं नाव घेतलं जातं ते फरीदसाहेब सतारमेकर यांचं. पण हे घराणं मुळात शिकलगारांचं. तलवारी, हत्यारं यांना धार लावणं, ती घडवणं, दुरुस्त करणं हा धंदा. इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही. फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं घडवू लागले. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याची कदर होती, काम मिळत गेलं, आणि पुढे धंदाच आडनाव होऊन बसला.

म्हणजे आज आपण ज्या परंपरेला चिकटून राहा असं त्यांच्या पणतू-खापरपणतूंना सांगतोय, ती सुरू करणारा माणूस स्वतः बापाचा धंदा सोडून आला होता. त्या काळी रील असते तर त्यांच्यावरही कुणीतरी लिहिलं असतं, शिकलगारांची पिढीजात कला आता शेवटच्या घटका मोजतेय. आणि त्या भावनेच्या भरात फरीदसाहेब धार लावत बसले असते, तर मिरजेची सतार झालीच नसती.

आमच्या कोल्हापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली महार वतनं रद्द केली. वतन शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. पण या वतनाचा अर्थ होता जन्मानं ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी, नाममात्र मोबदल्यावरची गावकीची कामं. त्यातून सुटका म्हणजे आपल्या मुलानं काय करायचं हे ठरवायची सोय. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात धंद्याचा मुद्दा फार रोखठोक आहे. जन्मावरून धंदा ठरला की माणसाला तो बदलता येत नाही, आणि त्या धंद्याचे दिवस फिरले तरी तो त्यातच उपाशी राहतो, असा त्यांचा युक्तिवाद. मला माहीत आहे, सतार घडवणं आणि वेठ वाहणं यांची तुलना होऊ शकत नाही. एकात मान आहे, दुसऱ्यात अपमान होता. पण 'हे काम तुझ्या घराण्याचं, ते तू सोडू नकोस' हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे, आणि ते बोलणारा दोन्हीकडे ते काम स्वतः करत नाही. शिकलगार असोत, आमचे गुरव असोत की सनई-ढोल वाजवणारे, 'परंपरा' हा शब्द आपण कुणाला उद्देशून वापरतो याची यादी केली तर ती बरीचशी बलुत्यांच्या यादीसारखी निघते. वकिलाच्या मुलानं वकिली सोडली म्हणून हळहळणारं रील मी अजून पाहिलेलं नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, कला गेली तर गेली. पण त्या दीड तासानंतर बहिणीनं तानपुरा छेडला आणि दुकानात जो आवाज भरला, तो ऐकल्यावर 'गेली तर गेली' म्हणवत नाही. शिवाय त्यात एक लबाडी आहे. मी घर सोडलं ते माझ्यापुढे चार वाटा होत्या म्हणून. कारागिराच्या मुलाला तानपुऱ्यात पोट भरत नाही म्हणून बाहेर पडावं लागलं, तर त्याला मी त्याचं स्वातंत्र्य म्हणू का? वतनानं माणूस बांधला जातो तसा बाजार माणसाला हाकलून देतो. ठरवायची सोय त्याला दोन्हीकडे मिळत नाही.

आणि बाजाराच्या बाजूला तर मीच उभा आहे. म्हणजे माझी जात, सॉफ्टवेअरवाल्यांची. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळुरूत साधारण सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला. छोटा डबा, पट्टी फिरवा, वाजायला लागतो. आता तोही लागत नाही, ॲप आहे. माझी बहीण रोजचा रियाज ॲपवरच करते. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्या वन बीएचकेत चार-साडेचार फुटी वाद्य कुठे ठेवायचं, रोज ते लावायचं कसं, आणि पैसे? त्या ॲपमुळे गाणं शिकू शकलेल्या मुली कितीतरी असतील. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये जो तानपुरा वाजतो, त्याची जवारी कुणीतरी एकदा लावली होती. मग तो आवाज लाखो फोनमध्ये गेला. ॲपची जवारी उतरत नाही, तिला कानस लागत नाही. लावणाऱ्याला त्या एका दिवसाचे पैसे मिळाले असतील, तेवढेच.

इथे मला क्रेमोनाची गोष्ट सांगायची आहे, कारण मिरज आणि क्रेमोना यांची तुलना लोक नेहमी करतात आणि गोष्टीचा अर्धाच भाग सांगतात. उत्तर इटलीतलं हे गाव. अंतोनिओ स्ट्रॅडिवरी तिथे १७३७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर गेला. त्याची व्हायोलिनं आज कोट्यवधींना विकली जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या मुलांबद्दल कुणी बोलत नाही. फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो हे दोघे बापाच्या हाताखाली राबले. बाप गेला तेव्हा एक साठीच्या पुढे, दुसरा साठीच्या जवळ. पुढच्या पाच-सहा वर्षांत तेही गेले. आपल्या नावावर काही उभं करायला त्यांना आयुष्य उरलंच नव्हतं. यातला ओमोबोनो तरुणपणी घर सोडून नेपल्सला गेला होता. तिथला खर्च म्हाताऱ्यानं १७२९ च्या मृत्युपत्रात त्याच्या नावावर मांडून ठेवला. घर सोडून गेलेल्या पोराचा हिशेब! आपल्याकडचे बाप निदान तो लिहून ठेवत नाहीत, जेवताना ऐकवतात.

आणखी एक मुलगा होता, पाओलो. त्यानं व्हायोलिनचं काम धरलंच नाही. तो कापडाचा व्यापारी झाला. पण बापाचे साचे, कागदी नकाशे, हत्यारं त्याच्याकडे राहिली होती आणि त्यानं ती टाकून दिली नाहीत. १७७५-७६ च्या सुमारास तो सगळा संग्रह काउंट कोझिओ नावाच्या हौशी सरदारानं विकत घेतला. पुढे १९२० मध्ये तो फिओरिनी नावाच्या व्हायोलिन घडवणाऱ्यानं घेतला आणि १९३० मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकला. तोवर क्रेमोनातलं जुनं वैभव कधीच संपलं होतं. १७४० च्या दशकात मोठे कारागीर एकापाठोपाठ गेले, आणि नंतर काही घरं टिकली तरी ती बात राहिली नाही. मग १९३८ मध्ये तिथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली. तिथे घराणं विचारत नाहीत. जपानमधून, कोरियातून, कुठूनही मुलं येतात, शिकतात, काही तिथेच दुकान थाटतात. आज त्या छोट्या शहरात शंभराहून जास्त कार्यशाळा आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोनं क्रेमोनाच्या व्हायोलिनकलेची वारसा म्हणून नोंद केली.

म्हणजे ज्या मुलांनी धंदा धरला त्यांच्याबरोबर ती साखळी तुटली, आणि ज्यानं सोडला त्याच्या पेटाऱ्यातून ती दीडशे वर्षांनी पुन्हा जोडली गेली. आज जे क्रेमोनाचं म्हणून मिरवलं जातं ते बरंचसं परक्यांनी, सरकारी शाळेत शिकून, उभं केलेलं आहे.

मग मिरजेतही शाळा काढा, दार उघडा, ज्याला शिकायचंय तो शिकेल, असं म्हणणं सोपं आहे. आमच्या ऑफिसात मी हे सांगितलं तर दोन मिनिटांत कुणीतरी 'ओपन सोर्स करा' म्हणेल. पण हे कुणाला सांगतोय ते बघा. त्या घराची शेती नाही, फ्लॅट नाही, शेअर्स नाहीत. घोडीचा उतार कसा धरायचा हे माहीत असणं, हीच त्यांची इस्टेट. ती फुकट वाटा असं मी माझ्या पगारातून सांगणार? स्ट्रॅडिवरीचे साचे फिओरिनीनं दान केले तेव्हा त्यावर पोट असलेलं घर मागे नव्हतं. मिरजेत आहे. शिकवायचं असेल तर शिकवणाऱ्याला प्राध्यापकाइतका पगार आणि शिकणाऱ्याला दहा वर्षं स्टायपेंड, असा हिशेब मांडावा लागेल. तो मांडायची वेळ आली की हात जोडलेले इमोजी गळतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. चांगलं झालं. त्यामुळे दुसरीकडचा माल मिरजेच्या नावानं खपवता येणार नाही. पण जीआय नावाचं रक्षण करतं. त्या नावामागे कुणी मांडी घालून बसायचं, ते त्या कायद्याला ठरवता येत नाही.

मला कधी कधी आमच्या सासनकाठ्या आठवतात. चैत्र पौर्णिमेला गावोगावच्या काठ्या डोंगरावर येतात, त्यांचे मान ठरलेले, पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीचा. हलगी-ढोलाच्या तालावर ती उंच काठी पोटाच्या पट्ट्यात तोलत नाचवणारी पोरं जवळून पाहिलीत तर त्यातली अर्धी माझ्यासारखीच निघतील. कुणी पुण्यात कॅबवर, कुणी मुंबईत बँकेत, कुणी चाकणला मशिनवर. दोन दिवस रजा काढून येतात, गुलालात न्हातात, 'चांगभलं' म्हणतात, रात्रीच्या गाडीनं परत. आणि परंपरा ठणठणीत आहे. मला वाटायचं की सगळ्या परंपरा अशा टिकवता येतील, सुट्टीच्या दिवशी. पण काठीला ताकद, तोल आणि चार दिवसांचा सराव पुरतो. जवारीला पुरत नाही. वर्षातून दोन दिवस तानपुरा घडवणारा माणूस असू शकत नाही. मिरज वाढलं ते शेजारी ऐकणारे राहत होते म्हणून. संस्थानिक होते, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, त्यांच्याकडे शिकणारे विष्णू दिगंबर पलुसकर होते, नंतर अब्दुल करीम खाँ तिथे येऊन राहिले. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, तेव्हा त्यांना काय हवंय हे कारागिराला आणि कारागिरानं काय केलंय हे त्यांना कळत असणार. कान शेजारी होता आणि तो पैसे देत होता.

तेव्हा 'कला जपा' म्हणणाऱ्या माणसाला मी एकच विचारीन, तुम्ही शेवटचं वाद्य कधी घेतलंत, आणि घेताना भाव किती पाडलात? मिरजेत आम्ही बसलो होतो तेव्हा एक गृहस्थ मुलीसाठी तानपुरा बघायला आले होते. मोठी गाडी, मोठा फोन. शेजारच्या राज्यातला तयार माल किती स्वस्त पडतो ते वीस मिनिटं सांगत होते. जाताना चाचांसोबत सेल्फी काढला. तानपुरा घेतला नाही.

जवारी झाल्यावर चहा आला. चाचांनी मला विचारलं, मी काय करतो. सांगितलं. मग त्यांनी आवाज थोडा खाली घेतला. नातू अकरावी सायन्सला आहे, हुशार आहे, त्याला कॉम्प्युटरला घालावं म्हणतात, पण आता एआय आलंय, तर नोकऱ्या राहतील का? कुठलं कॉलेज? होस्टेलला किती लागतात? माझ्यासमोर तासाभरापूर्वी रामन यांना पुरून उरेल असं काम करणारा माणूस माझ्याकडून सल्ला मागत होता की नातवाला या गल्लीतून बाहेर कसं काढायचं. बहीण माझ्याकडे बघत होती. तिला हवं होतं की मी काहीतरी बोलावं. काय, ते मला कळत होतं.

मी ते बोललो नाही. मी चाचांना कॉलेजांची नावं, फी, कटऑफ, जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. नंबर दिला. गाडीत बहीण म्हणाली, "दादा, निदान एवढं तरी म्हणायचंस की शिकून ठेव." मी म्हटलं, तू सांग ना मग, तुझ्या वयाचाच आहे जवळपास. ती म्हणाली, "मी कशी सांगू? मी तर उद्यापासून परत ॲपवर." मग दोघंही गप्प.

जानेवारीत त्या मुलाचा फोन आला. खूप तयारी करून केलेला फोन होता, प्रश्न वहीत लिहून घेतलेले असावेत. कॉम्प्युटर की इलेक्ट्रॉनिक्स, सीईटीला किती मार्क लागतील, घरातून काम करायची सोय खरंच असते का. शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबलो. विचारलं, कशाला रे? तो म्हणाला, आजोबांना एका डोळ्यानं कमी दिसायला लागलंय. घासायचं काम होतं, पण खुंट्या बसवताना अडतं. मी विचारलं, तुला येतं काय? "थोडं येतं, दादा. पण आजोबा चांगल्या घोड्यांना हात लावू देत नाहीत. साध्या देतात." मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं विचारलं की सीईटीला फिजिक्समध्ये ध्वनीच्या प्रकरणाला वेटेज किती असतं. मला माहीत नव्हतं. बघून कळवतो म्हणालो.